शर्यतीचं शेपूट

शहरातली ती शर्यत पणजोबांच्या काळापासून धावते आहे. पहिला कोण आला, हे लोक आठवड्यात विसरतात. शेपूट मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. शेवटच्या धावणाऱ्यामागून जो चालत येतो, तो शेपूट. त्यानं रेषा ओलांडली की शर्यत मिटली.

कोपऱ्यावर इस्त्री करणाऱ्या मावशींचा नवरा हयातभर शेपूट होता. एका वर्षी पुलावर तो छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. त्या गोंधळात समितीनं रस्ता गाड्यांना सोडून दिला. ती शर्यत तशीच उघडी राहिली.

पुढच्या वर्षी मावशी शेपूट झाल्या. पूल लागला आणि मागून पावलं वाजू लागली. डावा बूट जरासा घासत होता. ती चाल त्यांनी उभा संसार ऐकली होती. शेपटानं मागे वळायचं नसतं. त्या वळल्या नाहीत. पण समितीला कायमची घाई. मावशी पूल उतरतात न उतरतात, तोच गाड्या सुटायच्या, भोंगे वाजायचे आणि पावलं विरून जायची. दरवर्षी माणूस पुलावरच राहायचा.

यंदा मावशी समितीच्या चिटणिसांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मी रेषा ओलांडेपर्यंत सायकलसुद्धा सोडायची नाही.”

“अहो मावशी, तुमच्यापुढे गोगलगाय पळते! लोक माझ्या नावानं खडे फोडतील.”

“फोडू द्यात. मला आमच्या ह्यांना घरी आणायचंय.”

चिटणीस हसायला गेले, पण हसू ओठांतच राहिलं.

शर्यतीच्या दिवशी त्यांनी रस्ता अडवून धरला. पूल मागे पडला, बाजार मागे पडला, तरी घासणारा बूट येतच होता. रेषेपाशी मावशी बाजूला सरकल्या.

“व्हा पुढे. तुमचा मान.”

कानाजवळून गारवा गेला. बूट रेषेपलीकडे थांबला. मग एक लांब सुस्कारा, दमलेला माणूस बसताना टाकतो तसा. मावशींचे डोळे भरून आले.

“आले?” चिटणिसांनी हळूच विचारलं.

“आले.”

“मग या तुम्ही. सोडतो रस्ता.”

मावशींनी पाऊल उचललं आणि तसंच अधांतरी धरलं. मागे पावलं वाजत होती. एकाची नव्हेत. कुणी लंगडत होतं, कुणी धापा टाकत होतं.

“कसा सोडाल?” त्या पुटपुटल्या. “अजून येतायत. आजवर वाटेत राहिलेले.”

लख्ख उन्हात रस्ता पुलापर्यंत रिकामा होता. चिटणिसांनी एकवार तिकडे पाहिलं आणि ते मुकाट्यानं वाटेतून बाजूला झाले.