दाणीकाकांचं एक वर्ष

दाणीकाका पहिल्यांदा दिसले तेव्हा मला ते कौन्सिलचे सफाई कामगार वाटले. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या अल्बनी उपनगरात आमच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत एक उघडं बास्केटबॉल कोर्ट आहे. सकाळचे सात वाजले असतील, पाऊस नुकताच थांबला होता, आणि डोक्याला माकडटोपी, अंगात हाफ स्वेटर, पायात मोजे घालून त्यावर जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी स्लिपर, अशा थाटात एक उंच म्हातारा कोर्टावरचं पाणी वायपरने रेटत गवतात नेत होता. वायपर म्हणजे आपल्याकडे बाथरूममध्ये असतो तो, निळ्या दांड्याचा. तो त्यांनी नागपूरहून आणला होता, दांडा वेगळा काढून, बॅगेत तिरका बसवून. "इथं काय भेटते काय नाही, कोणाले माहीत," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं. ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने लोणच्याची बरणी सोडून त्या दांड्याचीच चौकशी केली होती, हे ते पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगायचे.

माझी मुलगी रेवा त्या वेळी तेरा वर्षांची होती आणि वर्षभरात इतकी उंच झाली होती की शाळेचा स्कर्ट दोनदा बदलावा लागला. ती एका कडेला बास्केटवर बॉल मारत होती. काका तिच्या भोवतीनं पाणी काढत राहिले आणि वर न बघताच म्हणाले, "पाय आधी, हात मागून." रेवाला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. घरी येऊन तिने जाहीर केलं, "आई, देअर्स अ रँडम आजोबा अँड ही हेल्प्ड मी हीप्स." हीप्स म्हणजे इकडच्या बोलीत खूप. मी दुसऱ्या दिवशी त्या रँडम आजोबांची चौकशी करायला गेले आणि थर्मासमधला चहा पिऊन परत आले. ते मुकुंद दाणी निघाले. बायको गेल्यावर नितीन या मुलाकडे राहायला आले होते, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर.

पुढची चार वर्षं रोज सकाळी कोर्टावर हे दोघं. कौतुक करणं काकांच्या स्वभावातच नव्हतं. शंभरातले नव्वद बॉल पडले तर ते उरलेल्या दहांबद्दल बोलायचे. रेवा रुसली की म्हणायचे, "बास्केट काही तुझी मावशी नाही, रुसून पाहून राहिली तिच्याकडे." गंमत म्हणजे जी मुलगी आजीशी फोनवर दोन वाक्यं मराठीत बोलायची नाही, ती मला विचारायला लागली, "आई, तू काय करून राहिली?" माझ्यासारख्या सदाशिव पेठेतल्या बाईला हा धक्का पचवायला वेळ लागला. पण मुलगी मराठी बोलत होती ना, मग मी नाक मुरडणं सोडून दिलं.

काका खेळाबद्दल बोलायचे तेवढे स्वतःबद्दल बोलत नसत. त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका बँकेने त्यांना खेळाडू म्हणून नोकरी दिली. बँकेच्या टीमला उंच पोरगा हवा होता, घरी पाच भावंडं होती, विचार करण्यासारखं काही नव्हतंच. कॉलेज सुटलं. पंधरा वर्षं खेळले, मग गुडघा गेला आणि बँकेने त्यांना आवक-जावक टेबलावर बसवलं. टपालावर शिक्के मारायचं ते टेबल निवृत्तीपर्यंत सुटलं नाही, कारण अधिकारी व्हायला पदवी लागायची. ज्या पोरांना त्यांनी टीममध्ये पासिंग शिकवलं, ती शिकून पुढे त्यांची साहेब झाली आणि त्यांना "दाणी, जरा ते पाकीट" म्हणायला लागली. काका हे हसत हसत सांगायचे. "एकोणिसाव्या वर्षी नोकरी लागली तं घरी पेढे वाटले. कोणी सांगितलंच नाही बाप्पा, का गुडघा पस्तिशीत रिटायर होते आणि माणूस साठीत." ऐकणारे सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि त्या हसण्याखाली काय आहे हे बघायचे कष्ट मी घेतले नाहीत.

रेवा शाळेच्या शेवटच्या वर्षात गेली, तेव्हा एकाच महिन्यात दोन पत्रं आली. एक ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक क्लबचं. मोठ्या टीमबरोबर सराव, हळूहळू सामने, नोकरीसारखा करार. दुसरं अमेरिकेतल्या एका कॉलेजचं, चार वर्षांचं शिक्षण आणि राहणंखाणं सगळं त्यांच्याकडे, बदल्यात त्यांच्यासाठी खेळायचं. दोन्ही एकदम धरता येणार नव्हतं. रेवाची क्लबातली कोच टीना घरी आली. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून तिने बूट दारात काढले आणि पाचव्या मिनिटाला मुद्द्यावर आली. करारावर सही करून पगार घेतला की कॉलेजचं दार बंद झालं असंच समजा, नियम काहीही बदलोत. तिला दोन्ही पत्रं चांगली वाटत होती. कुठलंही घ्या, पण घ्या, कारण अशी पत्रं थांबत नाहीत, असं ती जाताना दोनदा म्हणाली.

त्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. मी, माझा नवरा संजय आणि दाणीकाका. रेवा टेबलाच्या टोकाला कानात इअरफोन घालून बसली होती, एका कानात. ऑस्ट्रेलियाचं पत्र काकांनी वाचलं, घडी घालून बाजूला ठेवलं आणि त्यावर मिठाची बाटली ठेवली. तो विषय तिथे संपला. मग कॉलेजचं पत्र. ते गाव आमच्यापैकी कोणी ऐकलेलं नव्हतं. मी शुक्रवारी ऑफिसच्या बसमध्ये शोधून ठेवलं होतं. चारी बाजूंना मक्याची शेतं, आणि कॉलेजांच्या यादीत त्याचा नंबर इतका खाली की बोट सरकवता सरकवता माझा स्टॉप आला. हे मी सगळ्यांना हसत सांगितलं. संजय म्हणाला, पोरीने एवढी मेहनत करायची आणि असल्या ठिकाणची पदवी घ्यायची?

काकांनी चष्मा काढला. "डिग्री कुठली आहे हे लोक मरेपर्यंत विचारते. हिचे मार्क बेताचे आहे म्हणून असं कॉलेज आलं. एक वर्ष ड्रॉप घेऊ द्या. मार्क वाढले का मोठं कॉलेज येते."

ड्रॉप हा शब्द ऐकल्यावर मला हायसं वाटलं, हे मला कबूल केलं पाहिजे. इतके दिवस सगळी भाषा परकी होती, करार, पात्रता, सीझन. हा शब्द आमच्या घरातला होता. माझ्या भावाने मेडिकलसाठी ड्रॉप घेतला होता, संजयच्या बहिणीने इंजिनिअरिंगसाठी. एक वर्ष घरी बसायचं, परत परीक्षा द्यायची, पेढे वाटायचे. आमच्या माहितीत ड्रॉप घेऊन कोणाचं काही बिघडलं नव्हतं. टीनाला विचारावं असं कोणाच्याही मनात आलं नाही. अभ्यासाचं तिला काय कळणार, असंच आम्ही धरून चाललो होतो.

ठरल्यावर आम्ही रेवाला सांगितलं. तिने इअरफोन काढून आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि शेवटी काकांकडे. ते म्हणाले, "एक वर्ष दे मले, पोट्टी." ती म्हणाली, "ओके, आजोबा." त्याच आठवड्यात संजयने दोन्ही पत्रांना नकार कळवला.

शाळेने तिला त्याच वर्गात परत बसू दिलं, जरा चक्रावूनच. पास झालेली मुलगी पुन्हा का बसते हे वर्गशिक्षिकेला शेवटपर्यंत उमगलं नाही. रेवाच्या मैत्रिणी पांगल्या, ती एक वर्ष लहान मुलींच्या घोळक्यात डोक्याने वर दिसत राहिली. सकाळी काकांबरोबर कोर्ट, दुपारी गणित, शनिवारी क्लबच्या मोठ्या बायकांच्या टीममधून सामने. त्या वर्षी ती आधी कधी खेळली नव्हती इतकी सुंदर खेळली. टीना आमच्याशी फारसं बोलत नव्हती. आम्हाला वाटलं, आपलं ऐकलं नाही म्हणून फुगलीय.

जानेवारीत निकाल लागला. मार्क खरोखर वाढले होते. काकांनी दुधाच्या पावडरीचे पेढे केले आणि गल्लीतल्या गोऱ्या शेजाऱ्यांनाही वाटले. मग आम्ही नाव असलेल्या कॉलेजांना लिहायला बसलो, व्हिडिओ, मार्क, सगळं जोडून.

पहिलं उत्तर सभ्य होतं, म्हणून नीट कळलं नाही. दुसरं कळलं. शाळा पहिल्यांदा पास झाल्यापासून ठरावीक मुदतीत कॉलेजात दाखल व्हावं लागतं. ती मुदत उलटल्यावर बाहेर सामने खेळलात, तर कॉलेजातली खेळण्याची वर्षं कापली जातात. आम्ही एक वर्ष मोजलं होतं. पण इथली शाळा डिसेंबरात संपते आणि तिकडचं कॉलेज ऑगस्टमध्ये भरतं, त्यामुळे आमच्या एका ड्रॉपची जवळजवळ दोन वर्षं होत होती. त्यात प्रत्येक शनिवारचा सामना नोंदलेला. वर्षं कापलेली खेळाडू मोठ्या कॉलेजांना नको होती, त्यांच्याकडे रांग होती. मक्याच्या शेतातल्या कॉलेजाने ती जागा केव्हाच दुसरीला दिली होती. ऑस्ट्रेलियाच्या क्लबाने सोळा वर्षांची एक मुलगी घेतली होती.

टीना आली, ती यावेळी दारातच उभी राहिली. तिला वाटलं होतं की रेवाने परदेशी खेळायचा विचार सोडून इथेच शिकायचं ठरवलंय, आणि तो तिचा निर्णय म्हणून ती गप्प राहिली होती. मला का नाही विचारलंत, असं तिने एकदाच विचारलं.

दाणीकाकांना मी फोनवर सांगितलं. ते चालत आले. रेवा सोफ्यावर बसली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी तुले नव्हतो शिकवून राहिलो," ते म्हणाले. "मी माझंच कॉलेज पुरं करून राहिलो होतो."

"इट्स ओके, आजोबा," रेवा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती कोर्टावर गेली नाही. काका मात्र जात राहिले. मी सकाळी बसला निघताना ते दिसायचे, बाकावर बसलेले, फाटकाकडे तोंड करून. मी पाहून न पाहिल्यासारखं करायचे. संजयने आणि मी घरात त्यांना पुष्कळ दोष दिला. आपण त्या टेबलाशी काय करत होतो हे आठवायचं नसेल, तर दोष द्यायला तिसरं माणूस बरं पडतं. मार्चमध्ये काका नितीनला म्हणाले, मला नागपूरला पोचव. थंडी सोसत नाही हे कारण त्यांनी दिलं. त्या वर्षी मार्चमध्ये लोक अजून टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन समुद्रावर जात होते.

नागपूरहून ते रविवारी फोन करायचे. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायचे, "पोट्टी खेळून राहिली ना?" मी दर वेळी "हो" म्हणायचे. रेवा तेव्हा मॉलमधल्या बुटांच्या दुकानात काम करायला लागली होती. इथल्या युनिव्हर्सिटीत नाव घाल म्हणून आम्ही मागे लागलो, तर म्हणाली, नंतर बघू. बॉल गॅरेजमध्ये होता, त्यातली हवा गेली होती. एकदा माझं "हो" तिच्या कानावर पडलं. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

काका ऑगस्टमध्ये गेले. झोपेतच गेले, असं नितीनने सांगितलं. अल्बनीच्या कम्युनिटी हॉलमध्ये त्याने छोटी शोकसभा ठेवली. चाळीसेक माणसं आली. काकांनी कोर्टावर आणखी चार-पाच मुलांना शिकवलं होतं, ती आली. टीना आली आणि मागे उभी राहिली. लोकांनी चांगलं चांगलं सांगितलं. मीही वायपरची गोष्ट सांगितली आणि लोक हसले. मग नितीनने रेवाला विचारलं, तुला बोलायचंय का? ती नाही म्हणेल याची मला खात्री होती, पण ती उठली.

ती मराठीत बोलली. हळू, शब्द शोधत, पण पूर्ण मराठीत.

"आजोबांनी मला सगळं शिकवलं. मला ते छोटं कॉलेज आवडलं होतं. मी तिकडे जायला तयार होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

एवढं बोलून ती थांबली. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही, टीनाला तर भाषाच कळत नव्हती. टेबलावर काकांचा फोटो होता, त्याला हार घातलेला. रेवा त्या फोटोकडे बघत नव्हती. ती संजयकडे आणि माझ्याकडे बघत होती.