साडूंचा ऑटोवरचा विश्वास

उभ्या मराठवाड्यात यंत्रांवर सगळ्यात कमी विश्वास कोणाचा असेल, तर तो माझ्या साडूंचा; आणि एका यंत्रावर सगळ्यात जास्त विश्वास कोणाचा असेल, तर तोही त्यांचाच. साडू शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. यंत्रांनी केलेल्या चुका शोधण्यात उभी हयात गेल्यामुळे यंत्र दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. मेव्हणीने हौसेने कपडे धुण्याचं यंत्र घेतलं, तर हे त्याच्यापुढे स्टूल टाकून शेवटचं पाणी निघेपर्यंत बसून राहतात. टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटर त्यांनी स्वतः बसवून घेतली, आणि ती बंद होते की नाही हे पाहायला रोज सकाळी स्वतःच शिडीवर चढतात. शहरात, औरंगपुऱ्यात, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. साडू लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत. जिने चढून घामाघूम होऊन येतात आणि दारातच विचारतात, "लिफ्ट चालू हाय ना, पाव्हणं?" कारण बायकोला त्यांनी लिफ्टने पाठवलेलं असतं.

अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी पिकअप घेतली, तीही चारही चाकांना जोर लावणारी, आणि तो जोर कधी लावायचा हे स्वतःच ठरवणारी. गिअरशेजारी एक गोल खटका आहे, 'ऑटो'पासून चिखलात सावकाश पण चारही चाकांना पूर्ण जोर लावणाऱ्या 'लो'पर्यंत फिरणारा. तो 'ऑटो'वर ठेवला की गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते, आणि ती घसरायला लागली की आपणहून पुढच्या चाकांनाही कामाला लावते. समोरच्या काट्यांमध्ये गाडीचं एक इवलंसं चित्र आहे, त्यातली पुढची चाकं तेव्हा उजळतात. ती उजळली की साडूंचा चेहराही उजळतो. "बघा, कळलं तिला," असं ते हळूच म्हणतात, जणू मोठ्याने बोललं तर गाडीला दृष्ट लागेल. घेतल्या दिवसापासून तो खटका त्यांनी ऑटोवरून हलवलेला नव्हता. बिडकीनचे मेस्त्री चाचा त्यांना कळकळीने सांगायचे, "कीचड में घुसने के बाद सोचना नको भाऊ, पहलेच लो में डालो." साडू मान डोलवायचे आणि गॅरेजबाहेर आल्यावर मला म्हणायचे, "ज्याला अक्कल हाय, त्याच्या कामात आपण कशाला बोट घालायचं?" ही उदारता त्यांनी माझ्याबाबतीत कधी दाखवलेली नाही. माझ्या घरचा गॅस मी बंद केला का, हे ते आजही स्वयंपाकघरात जाऊन पाहतात.

गाडी घेतली ती अक्कासाठी. अक्का म्हणजे साडूंची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, माहेरी परत आली आणि आई नसलेल्या या भावाला तिनेच वाढवलं. बिडकीनच्या पुढे शेतात ही सगळी राहतात, आणि तिथून डांबरी सडकेपर्यंत तीन किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता आहे. अक्काला डायलिसिस सुरू झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी. पावसाळ्यात त्या रस्त्यावरून बैलसुद्धा नाखुशीने चालतात. तेव्हा आमच्या घरी सगळे बसले आणि असं ठरायला आलं की अक्काने आमच्याकडेच राहावं. दवाखाना पायी दहा मिनिटांवर, मागची खोली रिकामी. अक्का एवढंच म्हणाली, "आन् माझ्या म्हशी काय लिफ्टनं येतेल व्हय?" सगळे हसले, पण ती हसली नाही. शेतातल्या घराबाहेर तिचा जीव रमणार नाही, हे साडूंना आमच्या आधी कळलं. ते उभे राहून म्हणाले, "एक फेरी चुकली तर मी सोता तिला हितं आणून सोडीन. तवर तिला कोणी हलवायचं नाय." पुढच्या महिन्यात गाडी दारात आली. कारखान्यात साहेबांशी भांडून त्यांनी दुपारची पाळी मागून घेतली, आणि दोन पावसाळ्यांत अक्काची एकही फेरी चुकली नाही. सख्ख्या आईसाठी मी एवढं केलं असतं का, असा प्रश्न मला पडायचा, आणि उत्तर देण्याआधी मी विषय बदलायचो.

यंदाच्या जुलैत मी मेव्हणीकडे मुक्कामाला गेलो होतो. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी शुक्रवारच्या फेरीला निघालो. अक्का पुढे, मी मागे. पहिला किलोमीटर गाडी झकास गेली. पुढची चाकं उजळली, साडू उजळले, मीही मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. ओढ्याच्या अलीकडे मात्र गाडी एकदम बसली. चारही चाकं जागच्या जागी फिरत होती, चिखल काचेपर्यंत उडत होता, आणि साडू हात जोडल्यासारखे स्टेअरिंग धरून म्हणत होते, "थांबा, ती इचार करतीय."

"तिचा इचार होईस्तोवर माझ्या अंगात पाणी भरंल," अक्का म्हणाली. "उतर खाली. पायतान काढ."

पन्नाशीचा माणूस, पण बहिणीने सांगितल्याबरोबर अनवाणी चिखलात उतरला. अक्काने काच खाली केली आणि तिथून हुकूम सोडायला सुरुवात केली. "आधी मागचं चाक खरवड! दगड नको टाकू, दगड पोटात घेती ही माती. बांधावरच्या पऱ्हाट्या आण!" साडू खुरप्याने चाकात भरलेली माती काढत होते, मी कपाशीच्या वाळक्या काड्यांचे भारे ओढून आणत होतो आणि दर दोन पावलांना बुटासकट रुतत होतो. चाकांखाली पऱ्हाट्यांची गादी झाली. अक्का म्हणाली, "आन् आता ते चाचानं सांगितलेलं बटन फिरव. गाडीला घसरल्यावर कळतंय. तुला तर आधी कळतंय ना?"

साडूंनी खटक्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. मग लो. गाडी गुरगुरली, पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या, आणि मुंगीच्या पावलांनी आम्ही ओढा ओलांडला. दवाखान्यात तासभर उशिरा पोचलो, पण सिस्टरने अक्काला घेतलं. फेरी चुकली नाही. साडू दवाखान्याच्या पायरीवर चिखलाने भरलेले पाय घेऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्याशेजारी बसलो.

त्याच दुपारी डॉक्टरांनी साडूंना बाजूला बोलावलं. आता आठवड्यातून तीनदा यावं लागेल, आणि हृदयावर ताण आहे, त्यामुळे दवाखान्यापासून लांब ठेवू नका, आता कायमचंच. साडूंनी दिलेला शब्द मोडला नव्हता, तरी अक्का आमच्या मागच्या खोलीत आली. कायमचं हे तिला कोणी सांगितलं नाही. साडूंनी तिला सांगितलं, "रस्ता लई खराब झालाय, अक्का. चिखल वाळला की जाऊ." तिनेही वाद घातला नाही. दोन लुगडी आणि अडकित्ता घेऊन ती राहिली.

आता साडू कामावर जाण्याआधी रोज आमचे चार मजले चढून येतात. म्हशींनी किती दूध दिलं ते सांगतात, अक्काच्या पायांवरची सूज अंगठ्याने दाबून पाहतात. ऑगस्टचा पाऊस आमच्याकडे पडलाच नाही. तीन आठवडे ऊन आहे. परवा अक्काने सुपारी कातरता कातरता विचारलं, "रस्ता कसा हाय रे?"

एरवी कधी खोटं न बोलणारा हा माणूस तिच्याकडे न बघता म्हणाला, "चिखलच हाय अजून. आजबी चारी चाकं लागली."

"बरं," अक्का म्हणाली. "मंग थांबते."

मी खिडकीतून खाली पाहिलं. गल्लीत पिकअप उभी होती, टपापासून चाकांपर्यंत कोरड्या धुळीने पांढरी झालेली. मी खिडकी लोटून घेतली आणि अक्काची खाट जरा आत सरकवली.