सप्तरंगीचं पाणी

माझी ताई वरंधला दिलेली. तिला साखरेचा आजार निघाला तेव्हा तिच्यापेक्षा भावोजीच जास्त घाबरले. त्यांच्या वडिलांचा पाय याच आजारात कापावा लागला होता. गोळ्या सुरू झाल्या, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग कोणीतरी सप्तरंगीचं नाव सांगितलं. घाटाखालच्या रानात झाडांवर चढणारी ही वेल; गावातही फार थोड्यांना ओळखता येते. भावोजींनी ती हुडकली आणि नारिंगी सालीचं मूळ खणून आणलं. त्याचे तुकडे ते संध्याकाळी पाण्यात घालत आणि सकाळी स्वतः पेला भरून ताईच्या हातात देत.

साखर खरंच उतरली. अंग हलकं वाटतंय, असं ताई फोनवर हसत सांगायची. गोळ्याही चालूच होत्या.

श्रावणात एका सकाळी तिचा उपास होता; गोळी आणि पेला मात्र घेऊन झाला होता. मी बिरवाडीहून कामावर निघतच होते, तेवढ्यात भावोजींचा फोन आला.

"तुझी ताय उठत नाय गो. घामानं भिजलीय, मला वळखत नाय."

त्यांनी तिला रिक्षात घालून महाडला आणलं. मी पोचले तेव्हा शिरेतून साखर चढवत होते आणि भावोजी बाहेर तिच्या चपला हातात धरून उभे होते. बऱ्याच वेळानं ताईनं डोळे उघडले आणि दार लावून आलात ना, असं त्यांनाच विचारलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "वेलीत गुण नाही असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण गोळीनं साखर उतरते, मुळीनंही उतरते आणि त्यात पोट रिकामं. एकदम किती उतरेल, ते कोणी सांगावं?"

घरी परतल्यावर भावोजी कोयता घेऊन वेल तोडायलाच निघाले. ताईनं अंथरुणातूनच त्यांना थांबवलं.

"तिला कशाला तोडता? तिचा काय दोष हाय?"

ते उंबऱ्यावर बसले आणि रडले. त्यांना रडताना मी प्रथमच पाहिलं.

आता ताई फक्त गोळ्या घेते, महाडला येऊन तपासून जाते. साखर पूर्वीइतकी आटोक्यात नाही. भावोजींना वेलीबद्दल विचारलं तर ते विषय बदलतात. पण दुपारी ती जराशी आडवी झाली तरी ओटीवरून हाक मारतात. तिनं ओ द्यायला उशीर केला, की हातातलं काम टाकून आत जातात.