लातूरचे अप्पा पाण्यात उतरतात

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. ते जलपर्णीसारखे असतात! आज घाट साफ करून घरी जावं, तर उद्या सकाळी दहा नवी रोपं पायरीला येऊन लागलेली. नांदेडला गोदावरीच्या एका घाटावर आमची रोज सकाळी पोहणाऱ्यांची टोळी आहे, तिचंही तसंच. मी एसटीत कंडक्टर होतो. रिटायर झालो तरी माणसं मोजायची सवय गेली नाही. त्यामुळं पाण्यात किती उतरले आणि बाहेर किती आले, हे काम न सांगताच माझ्याकडं आलं. मोजता मोजता कानावर जे पडलं, त्यातलं थोडं सांगतो.

*

आमचे म्होरके युसूफ उस्ताद. धंद्यानं टेलर. अर्ध्या नांदेडला त्यांनी पोहायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याचे पायजमे शिवले!

नदीचं पाणी बारा महिने सारखं नसतं. पावसाळ्यात लाल गढूळ, तेव्हा आमचं पोहणं बंदच. दिवाळीनंतर निवळतं. उन्हाळ्याच्या तोंडाला हिरवं होतं, पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि मग वरून जलपर्णी वाहत येते. म्हणून रोज आधी उस्ताद एक पायरी उतरतात, उजवा पाय बुडवतात, डोळे मिटतात आणि रिपोर्ट देतात. "आज पानी खुश है!" म्हणाले की आम्ही उड्या मारतो. "नक्को रे बाबा, आज मिजाज बिगडा हुआ है!" म्हणाले की नुसता चहा पिऊन घरी.

टोळीत एक देशमुख सर आहेत. रिटायर्ड, विषय केमिस्ट्री. एक दिवस त्यांना राहवलं नाही. "उस्ताद, हे शास्त्रीय नाही. पाण्याला मिजाज नसतो, पीएच असतो!"

उस्ताद शांतपणे म्हणाले, "सर, चालीस साल से शादीशुदा हूँ. मिजाज मेरे को मत सिखाओ!"

*

सर मग हट्टालाच पेटले. दर महिन्याच्या एक तारखेला घाटावरचं पाणी बाटलीत भरायचं, चिठ्ठी डकवायची आणि घरच्या खिडकीत रांगेनं ठेवायचं. पाणी कसं बदलतं यावर ते मोठा लेख लिहिणार होते. डिसेंबरची बाटली नितळ, फेब्रुवारीची पोपटी, एप्रिलची तर पालकाच्या भाजीसारखी.

मे महिन्यात सर घाटावर आले ते तोंड पाडून. सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या बाईंच्या, माहेरचे पाहुणे येणार होते, म्हणून बाईंनी घर आवरलं. आदल्या दिवशी सर घरी गेले तर सगळ्या बाटल्या लख्ख, चिठ्ठ्याही खरवडून काढलेल्या!

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"म्हणाल्या, एवढं शिकलात, पण साध्या बाटल्या घासता येत नाहीत तुम्हाला!"

*

आता मन्मथअप्पा. मूळचे लातूरचे. तिथलं भांड्यांचं दुकान थोरल्या मुलाकडं देऊन ते नांदेडला धाकट्याकडं राहायला आले. वय अठ्ठावन्न, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पोट सुखवस्तू. जानेवारीत एका सकाळी ते घाटावर येऊन उभे राहिले. बराच वेळ नदीकडं बघितलं आणि मला अदबीनं विचारलं, "पाणी किती वाजेपर्यंत असतं इथं?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, माणूस लातूरचा! नळाच्या दिवशी घरातला चमचासुद्धा भरून ठेवणारा. मी म्हणालो, "दिवसभर असतं, अप्पा."

"रोज?"

"रोज."

अप्पा मटकन पायरीवर बसले. "आन् तुम्ही नुसतं पोहून राहिले का ह्याच्यात!"

*

अप्पांना पोहायला का शिकायचं होतं, ते त्यांनी दोन-चार चहा झाल्यावर सांगितलं. त्यांची मुलगी शिवानी मालवणकडं दिली आहे, घरासमोरच समुद्र. आदल्या दिवाळीला अप्पा पहिल्यांदाच व्याह्यांकडं गेले. सगळ्यांसोबत किनाऱ्यावर फिरायला निघाले. धोतर वर धरून घोटाभर पाण्यात उभे राहिले, तोच पायाला काहीतरी थंड, लांबलचक येऊन गुंडाळलं.

"मी जे 'साप! साप!' म्हणून वरडत सुटलो, ते थेट व्याह्याच्या अंगणात! आन् पायाला होतं काय? समुद्राचं शेवाळ! पावसाळा सरला की तिकडं लई वाहून येतं म्हणे."

आम्ही हसलो. अप्पा हसले नाहीत.

"सगळ्यात मोठ्यानं व्याही हसला. तात्या म्हणतात त्याला. लेकीचं तोंड एवढंसं झालं हो. तवाच ठरवलं, पुढच्या दिवाळीला त्याच समुद्रात तिच्यासोबत पोहून दाखवीन. न्हाई तर त्या दारात पाय ठेवणार न्हाई!"

म्हणजे मुदत ठरलेली होती. जूनमध्ये पाणी गढूळ झालं की आमचं पोहणं बंद. तोपर्यंत अप्पांना पोहता आलं पाहिजे, नाहीतर बापलेकीची दिवाळी गेली.

*

उस्तादांनी अप्पांच्या पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा बांधला आणि शिकवणी सुरू झाली. अप्पा पाय झाडायचे त्यानं आम्ही काठावरचे भिजायचो. पण अप्पा एक पाऊल काही पुढं सरकायचे नाहीत.

मार्चमध्ये एका रात्रीत सगळा काठ जलपर्णीनं भरला. अप्पा सर्वांत आधी आले, चष्मा काढून ठेवला, आणि समोर बघतात तर हिरवंगार! त्यांना वाटलं, नदी आटून मागं सरकली आणि इथं लॉन केलंय. "नगरपालिकेनं काम लई चांगलं केलं," असं म्हणत त्यांनी शेवटच्या पायरीवरून पुढं पाऊल टाकलं.

कमरेइतकं पाणी होतं म्हणून निभावलं. आम्ही पोचलो तेव्हा डोक्यावर जलपर्णीचं जांभळं फूल घेऊन अप्पा मधोमध उभे होते. उस्ताद म्हणाले, "अप्पा, बाकी सब तैरना सीखते. तुम सीधा चलनाच चालू कर दिये?"

*

आमचा एक नियम आहे. पाण्यातून बाहेर येताना प्रत्येकानं जलपर्णीचं एक रोप उपटून आणायचं, तरच चहा. त्यामुळं काठावर ढीग साचतो. एकदा अप्पांचे देवणीचे पाव्हणे आले होते. देवणीचा माणूस म्हणजे घरात गाय असणारच आणि तिचं कौतुकही असणार. ढीग बघून त्यांचे डोळे चमकले. "एवढी हिरवी वैरण फुकट?" भारा बांधून गाडीत टाकला आणि घेऊन गेले!

दोन दिवसांनी फोन आला. "अप्पा, गाईनं वास घेतला, भाऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं."

"मग?"

"मग काय? म्हणल्यासारखं केलं, आधी तू खाऊन दाखव!"

*

एप्रिल सरत आला तरी अप्पा डब्यावरच. त्यात जलपर्णीनं हातपाय हलवायला जागा ठेवली नव्हती. अप्पा एक दिवस चहा न पिताच निघाले. "ऱ्हाऊ द्या आता. लातूरच्या माणसाच्या नशिबात पाणी न्हाई," म्हणाले. ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

त्यानंतर तीन दिवस आमच्यापैकी कुणी पोहलं नाही. सगळ्यांनी मिळून जलपर्णी उपसली, खोलीएवढा चौकोन मोकळा केला आणि ती परत येऊ नये म्हणून भोवती बांबू आडवे बांधले. देशमुख सरांनीसुद्धा धोतराचा काचा मारून चिखल तुडवला. चौथ्या दिवशी मी अप्पांना घरून उठवून आणलं.

अप्पांनी चौकोन बघितला. डोळे पुसले. मग स्वतःच्या हातानं डबा सोडला आणि पाण्यात पडले. हात मारले, पाय मारले, आणि काय सांगू, माणूस तरंगत समोरच्या बांबूपर्यंत गेला! आम्ही टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या.

अप्पा बांबूला धरून ओरडले, "ते सगळं ठीक हाय! आता माघारी कसं वळायचं?"

*

दिवाळीला अप्पा मालवणला गेले आणि आठ दिवसांनी परत आले. आम्ही त्यांना घेरलंच.

"पोहलात का?"

"ऐका तर! पहिल्या दिवशी तात्या म्हणाला, आज उधाण आहे, नको. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वारं फिरलंय, नको. तिसऱ्या दिवशी, शेवाळ फार आलंय, नको. चौथ्या दिवशी मीच लेकीला घेऊन उतरलो. लई पोहलो! पाणी खारट, पण अंग असं उचलून धरतंय की डब्याची गरज न्हाई. मागं वळून तात्याला हाक मारली, 'या की पाव्हणं!' तर तात्या कोरड्या वाळूवर उभा. माझ्या आन् लेकीच्या चपला हातात धरून."

"मग?"

"त्याचं तोंड बघितलं आन् मला कळलं. गेल्या साली हसला, तवाबी वाळूवरच उभा होता की."

"मग तुम्ही हसलात की नाही?"

"न्हाई हसलो." अप्पांनी चहा संपवला. "त्याच्याजवळ गेलो, चपला घेतल्या आन् हळूच म्हणलो, पाव्हणं, एकदा नांदेडला या. आमचं पाणी गरीब हाय."

खरं सांगतो, त्या दिवशी मला आमच्या अप्पांचा फार अभिमान वाटला.

*

संक्रांत झाली आणि एका सकाळी अप्पा घाटावर एका उंच, गोऱ्या पाव्हण्याला घेऊन आले. हेच तात्या! घरी सांगून आलेले, गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन येतो. पिशवीत नवी चड्डी, तिच्यावर दुकानाचं लेबल तसंच.

आयुष्यभर समुद्रासमोर राहिलेला माणूस आमच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहून थरथरत होता. थंडीनं म्हणावं, तर अजून पाणी लागायचं होतं. उस्ताद डबा घेऊन पुढं झाले. अप्पांनी त्यांना थांबवलं. "उस्ताद, ह्यांना मी बांधतो."

अप्पांनी गाठ मारली, दोनदा ओढून बघितली आणि तात्यांना धरून कमरेइतक्या पाण्यात नेलं. तात्यांनी त्यांचा दंड घट्ट पकडला. म्हणाले, "अप्पासाहेब, एक विनंती आहे. सूनबाईला यातलं काही कळता कामा नये. तिच्यासमोर माझी मान खाली जाईल हो."

"छ्या! कोण सांगतंय तिला?" अप्पांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

तेवढ्यात पायरीवर माझ्याकडं सांभाळायला दिलेला अप्पांचा फोन उजळला. शिवानीचा मेसेज होता.

'अप्पा, तात्या उतरले का पाण्यात?'