दुसरी मूठ

पी रोखुमीच्या तोंडाला अख्खं गाव टरकून असायचं. लहानथोर सगळे तिला पी, म्हणजे थोरली बाई, म्हणत, मानाने कमी आणि धास्तीने जास्त. नवरा डोंगरावरच्या शेतात झाड अंगावर पडून गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि पोरगा पाठीला बांधलेला होता. दुसरं लग्न कर म्हणायला नातेवाईक आले, तर तिने विचारलं, "माझ्या शेतातलं तण उपटायला कोण येतंय ते आधी सांगा." त्यानंतर ते पुन्हा फिरकले नाहीत.

एका गोष्टीत मात्र तिला नाव ठेवायला जागा नव्हती. भात टाकण्याआधी धुतलेल्या तांदळातली नव्हे, कोरड्या तांदळातली एक मूठ चर्चसाठी काढायची, ही आमच्याकडची घरोघरची रीत. सकाळी एक, संध्याकाळी एक. आठवड्याने बायका पोतं घेऊन येतात आणि डबा रिकामा करून नेतात. बांबूला फुलं आली, त्याचं बी खाऊन माजलेल्या उंदरांनी शेतंच्या शेतं फस्त केली, त्या वर्षीही रोखुमीची मूठ चुकली नाही. तांदूळ नव्हता तर तिने रानातल्या कंदाचे तुकडे काढून ठेवले. पोतं घेऊन आलेल्या बायकांनी ते तुकडेच भरून नेले.

पोरगा झोडिंगा मात्र दारूच्या नादी लागला. चर्चने त्याला प्रभूभोजनाच्या, भाकरी-द्राक्षरसाच्या पंगतीतून काढलं. तो पंगतीबाहेर बसायचा आणि आई पहिल्या बाकावर मान ताठ ठेवून बसायची. त्याला काढलं त्याच रविवारी तिने घरी येऊन लाकडांच्या ढिगामागे दुसरा डबा ठेवला. रोज दोन्ही वेळा एक मूठ चर्चची आणि एक झोडिंगाच्या नावाची. ही दुसरी मूठ तिच्या स्वतःच्या ताटातली. आठवड्याने दोन्ही डबे ती गुपचूप एकत्र करायची आणि बायका म्हणायच्या, पीचा हात भलताच मोठा आहे. अशी अकरा वर्षं गेली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही, झोडिंगाला तर नाहीच.

तोच झोडिंगा गेल्या आठवड्यात पिऊन घरी येताना शेताच्या वाटेवरून दरीत पडला. सकाळी पोरांनी वर आणला. गावाने खड्डा खणला, गाणी म्हटली, माती दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी उपा थांगकिमा भेटायला आले. उपा म्हणजे चर्चच्या कारभारातले वडीलधारे; रविवारी चर्चमध्ये मोठ्यांना बायबल शिकवतात त्या शाळेतले रोखुमीच्या वर्गाचे शिक्षकही तेच. घरात पाचसहा बायका बसल्या होत्या. आणि उंबऱ्याबाहेर दारछुंगी उभी होती, हातात मयताच्या घरी न्यायचा साखरेचा पुडा घेऊन. झोडिंगाला दारू विकायची ती हीच. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं, आणि जा म्हणायचीही कुणाची छाती झाली नव्हती.

"उपा," रोखुमी म्हणाली, "माझा झोडिंगा कुठे गेला?"

उपांनी चहाचा कप खाली ठेवला. "निवाडा करणारे आपण कोण, पी? पोरगा पिऊनच गेला, काय बोलणार. पण तुझी मूठ देवाला ठाऊक आहे. आईची एवढी पुण्याई..."

रोखुमी उठली. लाकडं बाजूला सारून तिने दुसरा डबा आणला आणि उपांच्या पुढ्यात आदळला. दाणे चटईवर सांडले.

"ही त्याच्या नावाची मूठ. अकरा वर्षं काढतेय. चालते देवाच्या दारी? चालते की नाही, एक काय ते बोला."

उपा भला माणूस. त्यांना खोटं बोलवेना. "नाही चालत, पी," ते शेवटी म्हणाले.

"मग पुण्याई कशाला काढलीत?" तिचा आवाज चढला. "फळ्यापुढे उभं राहून शिकवता ना, आत्म्याचं तारण कष्टाने मिळत नाही, देव फुकट देतो म्हणून? मी मान डोलावते आणि घरी येऊन डबा भरते. मी खोटारडी, आणि तुम्हीही तसलेच."

"पी, शांत हो."

"का होऊ? माझ्या तांदळाने ते दार उघडत नाही ना? मग त्याच्या दारूने बंद कसं होतं? मला सांगा!"

"विश्वास लागतो, पी."

"आणि तो नव्हता हे तुम्ही कुठे बसून पाहिलंत? पिऊन आला की चुलीपाशी बसून तीच चर्चमधली गाणी म्हणत रडायचा. मी म्हणायची, गप बस, शेजारी ऐकतील." तिने चुलीकडे बोट दाखवलं. "मी त्याला गप बस म्हणायची."

तेवढ्यात उंबऱ्यावरून दारछुंगी म्हणाली, "पिणाऱ्याला दार बंद नाही म्हणतेस. मग विकणारीला, पी?"

बायका वळून बघायला लागल्या. रोखुमीने याच बाईची मडकी एकदा लाथेने फोडली होती. तुझ्यासाठी बंद, कायमचं बंद, मेलीस तरी बंद, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण हिला बंद म्हटलं, की दारूने दार बंद होतं हे कबूल केल्यासारखं. आणि दार तर एकच, झोडिंगालाही तेच. आपल्या पोराला आत ठेवायचं, तर हिलाही आत घ्यावं लागणार होतं. देवाची ही रीत तिला मुळीच आवडली नाही. त्या रीतीची तिला चीड आली, आणि ती चीड तिने कशीबशी गिळली.

"ये आत," ती म्हणाली. "तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही. पण ये."

मग तिने चूल पेटवली. चर्चची मूठ पहिल्या डब्यात टाकली. दुसरा डबा मात्र सगळाच्या सगळा पातेल्यात उपडा केला, चटईवरचे दाणेसुद्धा वेचून घातले. भात झाल्यावर मोहरीच्या उकडलेल्या पाल्याबरोबर तिने पहिलं ताट दारछुंगीपुढे सरकवलं. दारछुंगी घास हातात धरून रडायला लागली.

"रडू नकोस," रोखुमी तिच्याकडे न बघता म्हणाली. "माझ्या पोराचा भात आहे तो. सगळा संपव."