बदली न झालेली माणसं

आमच्या दवाखान्यातल्या गोष्टी कुठे लिहिलेल्या नसतात. रजिस्टरमध्ये ताप, जुलाब, बाळंतपण एवढंच येतं. बाकीचं आम्ही ओपीडी संपल्यावर चहा पिता पिता एकमेकांना सांगतो, आणि ते साचत जातं. एटापल्लीहून बरंच आत, जंगलातलं आमचं आरोग्य केंद्र. ज्यांची बदली होते ते इथलं सगळं विसरतात. किस्से उरतात ते आमच्यासारख्या, बदली न झालेल्यांकडे.

*

मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा वर्षभरात बदली करून घ्यायची असंच ठरवून आले होते. घरी भद्रावतीला आई आणि भाऊ. क्वार्टरमध्ये मी बॅगसुद्धा पूर्ण उघडली नव्हती. अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर रहीमभाई, मूळचे गोंडपिपरीचे. त्यांच्या ते लक्षात आलं.

"सिस्टर, बॅग खोलून टाका," ते म्हणाले. "मीबी नोती खोलली. तिच्यात उंदरानं पिल्लं देल्ली."

*

रहीमभाईंना मूलबाळ नाही. भाभींना तीन वेळा दिवस गेले, तिन्ही वेळा काही उरलं नाही. आणि नशीब असं की रस्ता खराब असला की आडगावांतल्या बायका त्यांच्याच गाडीत बाळंत होतात. अशी बाळं त्यांनी किती पाहिली असतील, त्यांनाही आठवत नाही. गावोगावची पोरं त्यांना 'गाडीवाले मामा' म्हणतात, गाडी दिसली की मागे धावतात.

आमच्या लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या वनिताबाईंनी एकदा विचारलं, "भाऊ, तुमाले कधी वाईट नाई वाटत का जी?"

"पोरगं रडलं की खुशीच वाटते बाई," ते म्हणाले. "वाईट नंतर वाटते. गाडी धुताना."

*

वनिताबाईंची मुलगी प्रज्ञा सिकलसेलनं, रक्ताच्या आनुवंशिक आजारानं गेली. बारावीला होती. स्वतः रक्त तपासणारी आई, पोरीचा रिपोर्ट तिनंच पहिल्यांदा पाहिला होता.

बाई बौद्ध, देव मानत नाहीत. भेटायला आलेलं कोणी म्हणालं, "देवाची मर्जी." बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याची मर्जी असंल तं त्यानं माया समोर येऊन सांगावं."

महिन्याभरानं त्या कामावर आल्या आणि सुट्टीच्या दिवशी आश्रमशाळांत जाऊ लागल्या. पोरांचं रक्त तपासायचं, ज्याला सिकलसेल निघेल त्याच्या आईबापाला बसवून समजवायचं, गोळ्या चालू करायच्या. एका गावच्या मुलीचा आजार त्यामुळे वेळेवर सापडला. उन्हाळ्यात तिची आई टोपलीभर टेंभरं, तेंदूची पिकली फळं, डोक्यावर घेऊन चालत आली. गोंडीत म्हणाली, आमच्या पेननं, म्हणजे देवानं, तुमच्यासाठी पाठवली.

बाई पायरीवर बसल्या. एक टेंभरू खाल्लं, मग दुसरं. डोळे पुसले.

"मी देव मानत नाई," त्या मला म्हणाल्या, "पण गोड हायेत."

*

त्या वर्षी माझी बदली नक्की होणार होती. मी नवस बोलले होते. उन्हाळ्यात यादी आली, त्यात माझं नाव नव्हतं. पावसाळ्यात आई गेली.

आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते. सकाळी तिथे गेले आणि भावाचे सगळे मेसेज एकदम आले. आईला अ‍ॅडमिट केलं. आई तुझ्याशी बोलायचं म्हणते. ताई, फोन लाव. आणि शेवटचा.

रहीमभाईंनी कोणाची तरी मोटारसायकल मागून आणली. नाल्यावर पोचलो तर पुलावरून पाणी. अलीकडे आम्ही, पाणी उतरायची वाट बघत. भाऊ तिकडे माझ्यासाठी थांबला होता, पण किती थांबणार? दुपारी रहीमभाईंनी रस्त्याच्या कडेला रुमाल अंथरला आणि नमाज पढले. उठून माझ्याजवळ आले.

"सिस्टर, तुमच्या आईसाठी मागितलं मी. नाव मालूम नोतं, तं 'सिस्टरची माय' असं म्हटलं. त्याले समजते."

भद्रावतीला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

*

तेरवी करून परत आले आणि क्वार्टरमध्ये देवासमोर दिवा लावणं बंद केलं. कामावर जात होते, पण कोणाशी बोलत नव्हते.

चिन्नी नावाची एक माडिया म्हातारी दर गुरुवारी जंगलातून चालत बीपी तपासायला येते. तिला मराठी येत नाही, मला माडिया येत नाही. मी पट्टा बांधते, फुगवते, काटा बघते, गोळ्या देते आणि दर वेळी मिठाची पुडी दाखवून हातानं सांगते, मीठ कमी खा. आमचं एवढंच बोलणं.

त्या गुरुवारी तिचा नंबर आला. ती स्टुलावर बसली, पण हात पुढे केला नाही. टेबलावरचा पट्टा तिनं उचलला, माझा हात ओढून घेतला आणि माझ्या दंडाला गुंडाळला. तो नीट बसलाही नव्हता. तिनं फुगा दाबला, हळूहळू सोडला. काटा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. अक्षर-आकडा तिला काही येत नाही. मग माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलली.

मागे लाइन उभी होती. लॅबच्या दारात वनिताबाई आल्या होत्या. त्यांना माडिया समजते.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, बराबर हाय," वनिताबाई म्हणाल्या. "मीठ कमी खाजो म्हणते."