राखाडी लोकर संपली तो शनिवार

आमच्या चिखलीच्या घरात मोठा पलंग एकच, खाली सामानाचा बॉक्स असलेला. लोक त्यात जादाच्या गाद्या, पाहुण्यांची पांघरुणं, लग्नातली भांडी ठेवतात. माझ्या बॉक्समध्ये लोकर होती. रंगांप्रमाणे पिशव्यांत बांधलेली, मध्ये डांबराच्या गोळ्या टाकलेली.

ही सवय आईची. लहानपणी आम्ही संत तुकाराम नगरमध्ये राहायचो. वडील कंपनीत शिफ्टमध्ये. ते दिवसा झोपलेले असले की घरात भांडं वाजलेलंही चालायचं नाही. मग आई मला शेजारी बसवून क्रोशाची सुई हातात द्यायची. लग्न झाल्यावर मी कुठेही लोकर दिसली की थबकायला लागले. काय विणायचं ते ठरलेलं नसायचं. पण रंग आवडला आणि आज घेतला नाही तर पुन्हा मिळणार नाही, अशी धाकधूक वाटायची. आणि ते खरंच असतं. तोच रंग पुढच्या खेपेला आणला तर उन्हात धरल्यावर फरक दिसतो.

माझे मिस्टर लातूरकडचे. पलंगाची फळी उचलून मी नवीन पिशवी आत कोंबायला लागले की हसायचे. म्हणायचे, "त्यापेक्षा दोन मेंढरं आणून बांधतो गॅलरीत. लोकर बी मिळंल, दूध बी मिळंल."

हे सगळं अपघाताच्या आधीचं.

ते चाकणला एका छोट्या कंपनीत पॉवर प्रेसवर होते. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, प्रेस खाली येतो, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. एका सकाळी फर्स्ट शिफ्टला डावा हात खाली राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, मधलं वाचलं पण ताठ झालं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा हात एवढा गुंडाळलेला होता की आत काय आहे आणि काय नाही ते कळत नव्हतं. मुलगी तेव्हा आठवीत. ती त्या हाताकडे बघायचंच टाळायची, आणि ती टाळते आहे हे त्यांना कळायचं.

जखम भरली, पण माणूस बोलेना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मऊ रबरी चेंडू दिला होता, दाबायला. तो त्यांनी एकदा गॅलरीतून खाली फेकला. मी जाऊन उचलून आणला, तर म्हणाले, "परत आणलास तर तुझ्यासगट फेकीन." असं ते कधी बोलत नसत. दुपारी खिडक्या लावून बसायचे. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्यासारखं तापलेलं घर आणि खिडक्या बंद. उघडते म्हटलं की डोळे वटारायचे. मला वाटायचं, त्यांना लोकांनी बघायला नको आहे.

एक दिवस दुपारी मी पलंगाच्या कडेला बसून टेबलावरचा रुमाल विणत होते. ते समोर, भिंतीला टेकून. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "दे ती."

"काय?"

"सुई. शिकव मला."

मी जवळ सरकले. सुई त्यांच्या उजव्या हातात दिली आणि सवयीने डाव्या हाताच्या करंगळीभोवती धागा घ्यायला गेले. आईने मला असंच शिकवलं होतं, धागा करंगळीवर ताणून धरायचा. करंगळी नव्हती. मी धागा चिमटीत धरून तशीच थांबले.

तेच म्हणाले, "मनगटाला गुंडाळ की."

मनगटाला गुंडाळला. पहिली साखळी इतकी घट्ट झाली की सुई आत शिरेना. उसवली. पुन्हा घातली. संध्याकाळपर्यंत त्यांना साधा खांब, म्हणजे उभा टाका, जमायला लागला होता. कपाळावरून घाम गळत होता, पण त्या दिवशी ते कुणावर ओरडले नाहीत. ताठ झालेलं मधलं बोट धाग्याखाली जरा वाकलं, ते मी बघितलं आणि काही बोलले नाही. मी बोलले असते तर ते थांबले असते.

त्यानंतर ते विणतच राहिले. एक रुंद पट्टी घातली होती, तीच वाढवत न्यायचे. "काय करताय?" विचारलं तर "बघू" म्हणायचे. आधी निळी लोकर संपली. मग हिरवी. मग मुलीच्या लहानपणच्या स्वेटरातली उरलेली गुलाबी. मी वर्षानुवर्षं साठवलेल्या पिशव्या एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. खरं सांगायचं तर मला वाईट वाटायचं. ती अबोली रंगाची लोकर मी माझ्यासाठी शाल करायची म्हणून ठेवली होती. ती पट्टीत गेली.

पण त्याहून जास्त भीती होती ती लोकर संपण्याची. एकदा पिवळा गुंडा दुपारी मध्येच संपला. मी खाली दळण आणायला गेले होते. परत आले तर घरात वेगळाच माणूस. खोलीत येरझाऱ्या घालत होते, पंखा फुल्ल, खिडक्या बंद, मुलगी मोरीत जाऊन बसलेली. जेवायला वाढलं तर ताट सरकवून दिलं. मी घाईघाईने पांढरी लोकर काढून दिली, तेव्हा कुठे तासाभराने शांत झाले.

त्या दिवसापासून मी लोकर लपवायला लागले. स्वयंपाकघरात गव्हाची कोठी रिकामी होती. तिच्यात काही पिशव्या टाकल्या, वर जुनी चादर. पलंगाखाली थोडीच ठेवायची आणि संपत आली की कोठीतून गुपचूप आणून भरायची, म्हणजे कधीच रितं होणार नाही, असा माझा हिशेब. डायबेटिसवाल्याच्या घरात साखर ठेवावी तशी मी ती सांभाळत होते. आणि तळाशी आईने दिलेल्या मरून रंगाच्या लोकरीच्या लड्या होत्या. त्या मला कुणालाच द्यायच्या नव्हत्या.

अशातच कंपनीतून सुपरवायझरचा फोन आला. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. "सोमवारपासून या, भाऊ. मशीनवर नाही, स्टोअरमध्ये. हलकं काम आहे, बसून." मिस्टर एवढंच म्हणाले, "बरं." फोन ठेवला आणि सुई उचलली.

पुढचे दोन दिवस त्यांनी मान वर केली नाही. जेवताना पट्टी मांडीवर. चहा गार व्हायचा. आता राखाडी लोकर चालली होती. पट्टी एवढी लांब झाली होती की तिची घडी घालून पायाशी ठेवावी लागे. मी "सोमवारी डब्याला काय देऊ?" असं विचारून बघितलं. ते टाके मोजत राहिले. जाणार आहेत का नाही, तेही कळेना.

शनिवारी जेवणं झाल्यावर राखाडी गुंडा लिंबाएवढा राहिला. ओळ अर्ध्यात होती.

"हाय का अजून ह्यातली?" त्यांनी विचारलं.

"नाही, सगळीच सरली," मी म्हणाले. "पिंपरीहून आणते. तासाभरात येते."

कोठीत दुसऱ्या रंगांची होती. पण ती आत्ता काढली तर रविवारीच संपेल आणि ऐन सोमवारच्या तोंडावर घर रितं राहील, हा विचार माझ्या डोक्यात. मुलीला म्हटलं, पप्पांकडे लक्ष ठेव. आणि पर्स घेऊन निघाले.

पिंपरीच्या बाजारात माझं नेहमीचं दुकान आहे. शनिवारची गर्दी. दुकानदाराने राखाडीचे गुंडे समोर टाकले. मी बरोबर नेलेला तुकडा त्यावर ठेवून बघितला. नवीन लोकर निळसर झाक मारत होती.

"तोच नंबर आहे ताई, लॉट वेगळा. आता हाच येतो."

"जुना नाही कुठे? गोडाऊनला?"

"नाही हो. लांबून कोण बघतंय?"

मी ती घेऊ की नको करत उभी होते तेवढ्यात फोन वाजला. मुलगी. आवाज दबलेला. "मम्मी, तू ये. पप्पांनी पलंग उघडलाय. सगळं बाहेर फेकतायत."

"हाताने उघडला? डाव्या?"

"दोन्ही हातांनी. मम्मी, ये ना लवकर."

पलंगाची फळी मलाही दोन्ही हातांनी जेमतेम उचलते. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी निळसर राखाडी तशीच पिशवीत कोंबली, बसची वाट न बघता रिक्षा केली. स्पाइन रोडला गाड्या अडकलेल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी पुन्हा पुन्हा फोन लावत होते. मुलगी उचलेना. मग डोक्यात नको नको ते यायला लागलं. फळी हातावर पडली असेल. नाहीतर हात मुलीवर उगारला असेल. आमच्या घरी कधी कुणी कुणावर हात टाकलेला नाही, पण त्या महिन्यांत मला माझ्या नवऱ्याची खात्री वाटत नव्हती. हे वाक्य लिहितानाही जड जातं.

मी जिने धावतच चढले. दार उघडं होतं.

पलंगाची फळी भिंतीला टेकवलेली. फरशीवर रिकाम्या पिशव्या, डांबराच्या गोळ्या. ते स्वयंपाकघरात खाली बसले होते, पुढ्यात कोठी आडवी. पिवळी, जांभळी, विटकरी, सगळी लोकर भोवती पसरलेली. मांडीवर आईची मरून लडी. मुलगी ओट्याला चिकटून उभी, फोन छातीशी घट्ट धरलेला. तिला काही झालेलं नव्हतं. ते मी आधी बघितलं.

"सरली म्हणालीस ना?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "ही काय हाय मग?"

"तुमच्यासाठीच ठेवली होती. एकदम संपू नये म्हणून..."

"मला मोजून मोजून द्यायलीस? लेकरू हाय का मी? का याडा?"

"तुम्हाला दिसतं का लोकर नसली की घरात काय होतं?" माझाही तोल गेला. "पोरगी मोरीत जाऊन बसते! मी काय करायचं? माझी होती ती लोकर, सगळी माझी होती. मी एका शब्दाने नाही म्हटलं का?"

ते उठले. मी मुलीच्या पुढे जाऊन उभी राहिले. का, ते मला त्या वेळी कळलं नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी मला तसं उभं राहिलेलं बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. परत खाली बसले. डावा हात मांडीवर उताणा ठेवला, पहिल्यांदाच आम्हा दोघींसमोर उघडा. फळीने तळवा सोलवटला होता.

"ऐक," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काय?"

"ऐक तर. मागं."

आमच्या बिल्डिंगच्या मागे वर्कशॉप आहेत. त्यातल्या एकात छोटा प्रेस आहे. ठक्, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा ठक्. इतकी वर्षं तो आवाज चालू आहे. मला तो ऐकूही येत नव्हता.

"दिवसभर चालतंय ते," ते म्हणाले. "प्रत्येक ठोका इथं बसतोय." त्यांनी नसलेल्या करंगळीच्या जागेवर बोट ठेवलं. "खिडकी लावली तरी येतंय. टाके मोजायलो की ऐकू येत न्हाई. तेवढंच. मला विणायची काय हौस हाय?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. मुलगी माझ्याआधी हलली. तिने ओल्या फडक्याने त्यांचा तळवा पुसला, बोटं जिथे संपतात तिथपर्यंत. ते तिला करू देत होते.

"मग सोमवारी?" मी विचारलं. "तिथे तर सगळेच प्रेस."

"तेच तर." ते म्हणाले, "स्टोअरला भिंत हाय म्हणं. भिंतीनं काय हुतंय?"

मग मी सगळी लोकर गोळा करून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आणली. आणलेले निळसर गुंडेही काढून ठेवले. मरून लड्याही ठेवल्या. "एवढीच आहे," मी म्हणाले. "आता घरात आणखी कुठेही नाही." त्यांनी मरून बाजूला सारली. "ही तुझ्या आईची. ठेव." आणि निळसर राखाडी उचलून जुन्या राखाडीला गाठ मारली. रंग जुळत नव्हता. त्यांनी तसाच खांब घातला. त्या संध्याकाळी खिडकी मी उघडली आणि त्यांनी ती लावली नाही.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर चाकणच्या बसच्या थांब्यापर्यंत गेले. त्यांनी खिशात छोटा गुंडा आणि सुई ठेवली होती. मला वाटलं, बसमध्ये चढणारच नाहीत. पहिली बस त्यांनी खरंच जाऊ दिली. उभे राहिले, हात खिशात घालून. थांब्यावरचा एकजण आमच्याकडे बघत म्हणाला, "चला की राव, उशीर होतोय." दुसऱ्या बसमध्ये ते चढले.

दिवसभर मी फोन हातातून खाली ठेवला नाही. फोन आला नाही. संध्याकाळी चपलांचा आवाज आला तेव्हा दार उघडायला मुलगी गेली. डबा अर्धा खाल्लेला होता. चेहरा राखेसारखा.

"कसं होतं?" मी विचारलं.

"लई आवाज हाय," ते म्हणाले. "दोनदा बाहीर जाऊन बसलो. तिसऱ्यांदा न्हाई गेलो."

मी चहा ठेवला. त्यांनी शर्ट काढून खुर्चीवर टाकला, जरा वेळ त्याकडे बघत बसले आणि मग विचारलं, "दुसरा धुतलाय का? उद्याला लागंल."